प्रेडनिसोलोनच्या गोळ्या : चार वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला येणारी आणि वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा उफाळणारी सूज, या आजारासाठी मी २०१७ ते २०२१ या काळात प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या. या गोळीने माझे आतडे वाचवले आणि याच गोळीमुळे माझ्या कमरेचा एक मणका चेपला. ही दोन्ही विधाने मी पूर्ण जबाबदारीने करतो आहे. ज्यांना किंवा ज्यांच्या घरातील कोणाला ही गोळी नव्याने लिहून दिली गेली आहे, त्यांना तिचे गुण आणि दोष सुरुवातीलाच कळावेत एवढ्यासाठी हा सविस्तर अभिप्राय लिहितो आहे. मी डॉक्टर नाही, माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. येथे जे लिहिले आहे ते माझ्या अनुभवातून आणि पुढे पोटाच्या तसेच हाडांच्या डॉक्टरांनी वेळ देऊन समजावून सांगितलेल्या गोष्टींतून आलेले आहे.

माझ्या दुखण्याची सुरुवात आपल्याकडे बहुतेकांची होते तशीच, ‘आव पडते आहे’ या निदानाने झाली. मुरडा, शौचावाटे रक्त आणि चिकट आव, दिवसातून दहा-बारा वेळा धावपळ, आणि त्यावर अमिबाची औषधे, असे तीन महिने गेले. वजन सात किलोने उतरले, तेव्हा कुठे दुर्बिणीने आतड्याची तपासणी झाली आणि तुकडा तपासून आजाराचे खरे नाव कळले. मेसालामिनच्या गोळ्यांनी पुरेसा फरक पडेना, म्हणून प्रेडनिसोलोन सुरू झाले: सकाळी नाश्त्यानंतर रोज ४० मिलिग्रॅम, दोन आठवडे, आणि त्यानंतर दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम कमी करत नऊ आठवड्यांत बंद.

गुण किती लवकर यावा? चौथ्या दिवशी रक्त निम्म्यावर आले, दहाव्या दिवशी थांबले, आणि तिसऱ्या आठवड्यात मी मध्येच वर्ग सोडून न जाता सलग चार तास शिकवू लागलो. ज्याने हे दुखणे भोगलेले नाही त्याला यातली सुटका सांगून कळणार नाही. या औषधाच्या कुळाचा इतिहासही असाच आहे. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी २१० रुग्णांवर कॉर्टिसोन वापरून पाहिले आणि १९५५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्याआधी या आजाराचा तीव्र झटका पुष्कळदा जिवावर बेतत असे. प्रेडनिसोलोन हे त्याच कॉर्टिसोनच्या घराण्यातले औषध आहे. शिवाय ते स्वस्त आहे. पूर्ण डोस चालू असतानाही माझा दिवसाचा खर्च एका कटिंग चहापेक्षा जास्त नव्हता, आणि तालुक्याच्या कोणत्याही मेडिकलमध्ये ते विनासायास मिळते. परिणाम, किंमत आणि उपलब्धता या तीन बाबतींत मला या औषधाविरुद्ध एक शब्दही लिहायचा नाही.

दिसणारे दुष्परिणाम थोडक्यात आटोपतो, कारण ते सर्वांना दिसतात आणि बहुतेक वेळा डोस उतरला की जातात. तोंड सुजून गोल झाले, खा-खा सुटली, रात्री दोन वाजता टक्क जाग येऊ लागली, कपाळावर पुरळ आले, रक्तातील साखर वरच्या मर्यादेला टेकली. पट्टी संपल्यावर दोन-तीन महिन्यांत हे सारे ओसरले आणि त्यामुळेच माझा असा समज झाला की औषध गेले म्हणजे त्याचे परिणामही गेले.

या गोळीचा दोष समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. स्टिरॉइड आतड्याची पेटलेली सूज विझवते, पण विझलेली सूज पुन्हा पेटू नये म्हणून स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. त्यासाठी वेगळी औषधे आहेत. पोटाचे डॉक्टर असा ठोकताळा सांगतात की सुरू केल्यापासून तीन महिन्यांत डोस १० मिलिग्रॅमच्या खाली नेता येत नसेल, किंवा बंद केल्यावर तीन महिन्यांच्या आत आजार उलटत असेल, तर रुग्ण स्टिरॉइडवर अवलंबून झाला आहे असे समजावे आणि उपचाराची दिशा बदलावी. माझे या गोळ्यांचे २०१७ मध्ये एक, २०१८ मध्ये दुसरे आणि २०१९ मध्ये तिसरे आवर्तन झाले. तिसऱ्या वेळी १० मिलिग्रॅमच्या खाली उतरलो की रक्त दिसे, म्हणून तिथेच थांबलो. त्यातच २०२० ची टाळेबंदी आली, तपासणीसाठी प्रवास बंद झाला, आणि जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून पट्ट्या आणत मी रोज १० मिलिग्रॅम असे चौदा महिने काढले. कोणी अडवले नाही, कोणी विचारले नाही. १० मिलिग्रॅम ही माझ्या मनाने क्षुल्लक मात्रा होती.

पुढे डॉक्टरांनी सांगितल्यावरून मी वहीत हिशेब मांडला. एका आवर्तनात १,५४० मिलिग्रॅम, अशी तीन, आणि त्यावर ते चौदा महिने. एकूण जवळजवळ नऊ ग्रॅम. दोन चमचे साखरेएवढे हे वजन. यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा त्या ‘क्षुल्लक’ १० मिलिग्रॅमचा होता.

जानेवारी २०२१ मध्ये एका रविवारी मी गिरणीतून ज्वारीचे पीठ दळून आणले. दहा किलोचा डबा स्कूटरच्या पायरीवरून उचलून ओट्यावर ठेवायचा, हे काम मी वीस वर्षे करत आलो होतो. डबा उचलून वळलो तेवढ्यात कमरेच्या वरच्या बाजूला काहीतरी बारीक कट्‌ झाल्यासारखे वाटले. आवाज बाहेर कोणाला आला नसेल, मला आतून जाणवला. घरात सर्वांचे एकच मत पडले, की उसण भरली. तेल चोळले, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेक घेतला, पोटावर झोपून पाहिले. तीन आठवडे उठता-बसता कळ येत राहिली, तेव्हा एक्स-रे काढला. कमरेचा पहिला मणका पुढच्या बाजूने पाचरीसारखा चेपलेला होता. तेव्हा माझे वय ४२ होते. भिंतीला उभे करून उंची मोजली, तर नोकरीला लागताना वैद्यकीय दाखल्यावर १७१ सेंटिमीटर नोंदवलेली उंची १६९ भरली.

हाडांचा ठिसूळपणा हा म्हाताऱ्या स्त्रियांचा आजार असा आपल्याकडे पक्का समज आहे, आणि माझाही तोच होता. हाडांच्या डॉक्टरांनी त्या दिवशी कागदावर आकृती काढून जे समजावले, ते पहिल्या चिठ्ठीच्या दिवशी कोणी समजावले असते तर फार बरे झाले असते. हाड हे दगडासारखे एकदा घडून राहिलेले नसते. जुने हाड कुरतडून काढणाऱ्या पेशी आणि त्या जागी नवे भरणाऱ्या पेशी यांचे काम आयुष्यभर शेजारी शेजारी चालू असते. स्टिरॉइड मुख्यतः भरणाऱ्या पेशींना मंदावते आणि हाडाच्या आत राहून त्याची देखभाल करणाऱ्या पेशी मारते. सुरुवातीच्या काळात कुरतडणेही वाढते. त्याच वेळी आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीवाटे जास्त जाते. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, आणि ती आधी मणके व बरगड्या अशा आतून जाळीदार असलेल्या हाडांत होते. रोज ५ मिलिग्रॅमच्या आसपासच्या मात्रेनेही अस्थिभंगाचा धोका वाढतो. मणका चेपला तरी पुष्कळांना दुखतही नाही, फक्त उंची कमी होते. त्या मानाने मला कळ आली हे बरेच झाले.

आतड्याच्या सुजेचे रुग्ण यात दुहेरी सापडतात, कारण सूज स्वतःही हाडे झिजवते. रक्तात फिरणारी दाहाची रसायने हाड कुरतडणाऱ्या पेशींना चेतवतात, जेवण कमी झालेले असते, वजन उतरलेले असते, आणि पोट बिघडेल या भीतीने पहिल्यांदा बंद होते ते दूध. क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारात लहान आतडेच बाधित असेल तर शोषणाचाही प्रश्न येतो. त्यामुळे स्टिरॉइडला घाबरून सूज तशीच धुमसत ठेवली तर हाडे वाचतील, असेही नाही. स्टिरॉइडशिवाय सूज शांत राहणे, हेच हाडांना मानवते.

आता डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, याविषयी, कारण या तपासणीबद्दलही अभिप्राय द्यावा असे मला वाटते. आमच्या गावी ती नव्हती, पुण्याला जावे लागले, खर्च अडीच हजार रुपये आला. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी बंद ठेवायला सांगितली होती. उघड्या पलंगावर उताणे झोपवून पोटऱ्यांखाली फोमचा चौकोनी ठोकळा दिला, जेणेकरून कंबर सपाट टेकावी. वरून एक दांडा सावकाश सरकत गेला. मग पाऊल आतल्या बाजूला वळवून पट्ट्याने बांधले आणि खुब्याचे चित्र घेतले. सुई नाही, बोगदा नाही, किरणोत्सर्ग अगदी नगण्य, पंधरा मिनिटांत काम झाले. हातात पडलेल्या कागदावर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे होते आणि माझा ठिपका पिवळ्यात होता. खाली ‘ऑस्टिओपेनिया’ असा शेरा होता, म्हणजे हाडे थोडी विरळ, फारसे काही नाही.

तो शेरा दोन कारणांनी चुकीचा होता आणि हे मी मुद्दाम तपशिलात लिहितो. पहिले कारण असे की तो शेरा टी-स्कोअरवर दिलेला होता. टी-स्कोअर तुमच्या हाडांची तुलना तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी करतो. तो ५० वर्षांवरील पुरुषांसाठी आणि पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आहे. पन्नाशीच्या आतल्या पुरुषाने आणि पाळी चालू असलेल्या स्त्रीने झेड-स्कोअर पाहायचा, जो त्याच वयाच्या लोकांशी तुलना करतो, आणि तो उणे २ किंवा त्याहून खाली असेल तर हाडे वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा विरळ आहेत असे समजायचे. दुसरे कारण असे की सरासरी काढताना चेपलेला मणकाही धरला गेला होता. चेपलेले हाड दाबले गेल्यामुळे यंत्राला घट्ट दिसते. तो मणका धरून माझा झेड-स्कोअर उणे १.९ येत होता. तो वगळून उरलेल्या तिघांवर मोजला तेव्हा उणे २.४ आला. साध्या कामात मोडलेला मणका आणि हा आकडा एकत्र पाहिल्यावर ‘थोडी विरळ’ या शब्दांना काही अर्थ राहिला नाही. म्हणून डेक्साचा कागद घेऊन थेट घरी जाऊ नये. तो वाचता येणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवावा आणि एखादा मणका पूर्वी चेपला असेल तर तसे आवर्जून सांगावे. पुढच्या वेळची तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर करावी, कारण दोन यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. टाच यंत्रात ठेवून ‘हाडांची मोफत तपासणी’ करणारी शिबिरे गावोगावी भरतात. ते टाचेचे अल्ट्रासाउंड असते. स्टिरॉइड घेणाऱ्याने त्यावर निर्धास्त राहू नये.

हे सारे टाळता आले असते का? पूर्णपणे कदाचित नाही, पण बऱ्याच अंशी नक्की. तीन महिने किंवा अधिक काळ रोज २.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त स्टिरॉइड चालणार असेल, तर अस्थिभंगाचा धोका पहिल्या सहा महिन्यांत तपासावा आणि आहार व औषधे मिळून दिवसाला १,००० ते १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम व त्याच्या जोडीला जीवनसत्त्व ‘ड’ मिळेल असे पाहावे, हा जगभर मानला जाणारा संकेत आहे. माझ्या पहिल्या तिन्ही चिठ्ठ्यांवर यातले काही नव्हते. माझ्या हाती आलेल्या पट्टीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी बारीक इंग्रजी ओळ होती, हाडांबद्दल अक्षरही नव्हते, आणि सोबत माहितीपत्रकही नव्हते. ही माझी या उत्पादनाबद्दलची सर्वांत गंभीर तक्रार आहे. जे औषध शेतमजुरापासून निवृत्त शिक्षकापर्यंत सर्वांच्या हाती पडते, त्यासोबत मराठीत चार ओळींचा कागद मिळायला काय हरकत आहे?

कॅल्शियमचा हिशेब घरीच करावा लागतो, म्हणून सांगतो. कॅल्शियम कार्बोनेटच्या गोळीवर १,२५० हा आकडा मोठा दिसतो, पण त्यातले प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच असते. ती जेवणासोबत घ्यावी आणि लोहाच्या गोळीपासून काही तास दूर ठेवावी. पेलाभर दुधातून अडीचशे मिलिग्रॅमच्या आत-बाहेर मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते, म्हणजे एका मध्यम भाकरीत साधारण पावणेदोनशे. मला झटक्याच्या दिवसांत भाकरी पचत नसे, पण नाचणीचे पातळ आंबील आणि ताजे गोड दही चालत असे, हे मला फार उशिरा कळले. रक्तातील जीवनसत्त्व ‘ड’ (मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये) २० च्या खाली असेल तर कमतरता मानतात. माझे ११ होते, आणि मी रोज उन्हातून शाळेत जातो. आठवड्याला ६०,००० युनिटची एक पुडी असे आठ आठवडे घेतल्यावर ते ताळ्यावर आले.

मणका चेपल्यानंतर मात्र एवढ्याने भागत नाही. मला आठवड्यातून एकदा ७० मिलिग्रॅम अलेंड्रोनेट, हे हाडांची झीज रोखणारे औषध, सुरू झाले. ही गोळी घेण्याची शिस्त कडक आहे: सकाळी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. रविवारी सकाळी सात वाजता मी गोळी घेऊन ओसरीवर ताठ बसतो आणि साडेसातला आमच्या सौभाग्यवती कपबशी घेऊन येतात, असा आमचा दोन वर्षांचा नेम झाला होता. सुरू करण्याआधी दातांची तपासणी करून घेतली होती, कारण या औषधांवर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याच्या हाडाला त्रास होतो. ज्यांना गोळी सोसत नाही त्यांच्यासाठी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे झोलेड्रोनिक ॲसिड आहे. मूल होऊ देण्याच्या वयातील स्त्रियांबाबत डॉक्टर ही औषधे फार विचार करून देतात, ते मात्र त्यांच्याशी स्वतंत्रपणे बोलावे.

हाडाचा आणखी एक धोका वेगळ्या जातीचा आहे. स्टिरॉइडमुळे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मरू शकतो. जांघेत दुखू लागले आणि चालताना वाढत असेल, तर एक्स-रे चांगला आला म्हणून गप्प बसू नये. सुरुवातीला तो एमआरआयमध्येच दिसतो.

पर्यायांविषयी मी स्वतः वापरलेल्या आणि जवळून पाहिलेल्यांपुरते लिहितो. अॅझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाने माझे स्टिरॉइड सुटले. त्याचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे तोपर्यंत धीर धरावा लागतो, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत पांढऱ्या पेशी वारंवार मोजाव्या लागतात. भारतीयांत नुड्ट-१५ या जनुकातील फरकामुळे त्या अचानक घसरण्याचे प्रकार होत असल्याने माझी ती चाचणी आधीच करून घेतली होती. ब्युडेसोनाइड हेही स्टिरॉइडच, पण ते आतड्यात काम करून यकृतात पोहोचल्यावर पहिल्याच फेरीत सुमारे ९० टक्के मोडले जाते, त्यामुळे उरलेल्या शरीराला त्याची झळ कमी लागते. ते बरेच महाग आहे आणि तीव्र झटक्याला पुरे पडत नाही. डेफ्लाझाकॉर्टबद्दल ‘ती वेगळी, सौम्य गोळी आहे’ असे मला दोन नातेवाइकांनी सांगितले होते. तीही स्टिरॉइडच आहे, तिचे ६ मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनचे ५ मिलिग्रॅम, आणि हाडांची काळजी तिच्यासोबतही घ्यावीच लागते. इन्फ्लिक्सिमॅब आणि व्हेडोलिझुमॅब ही इंजेक्शने माझ्या एका सहकाऱ्याच्या मुलीला लागली. गुण उत्तम आला, खर्च मात्र घर हलवणारा होता.

हे वाचून कोणी आज चालू असलेली गोळी उद्या बंद करू नये, ही माझी हात जोडून विनंती आहे. काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टिरॉइड, बनवणे थांबवतात. अशात गोळी एकदम तोडली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. डोस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच उतरवावा, आणि ताप, अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी आपण स्टिरॉइडवर आहोत किंवा होतो हे आधी सांगावे.

तीव्र झटका विझवण्यासाठी, आठ-दहा आठवड्यांच्या बांधीव वेळापत्रकात, पहिल्या दिवसापासून कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्वासह, आणि पुढचे औषध कोणते हे सुरुवातीलाच ठरवून ही गोळी कोणाला लिहून दिली गेली, तर मी तिला निःशंकपणे चांगली म्हणेन. आजार काबूत ठेवण्यासाठी महिनोन्‌महिने, जुन्या चिठ्ठीवर, थोडीशीच म्हणून ती घ्यायची असेल, तर माझा स्पष्ट नकार आहे.

२०२३ मध्ये त्याच पुण्याच्या यंत्रावर, तोच ठोकळा पोटऱ्यांखाली घेऊन, पुन्हा डेक्सा केली. तीन मणक्यांचा झेड-स्कोअर उणे १.७ आला आहे. उंची १६९ च आहे. चेपलेला मणका परत उंच होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. पिठाचा डबा आता दोन डब्यांत विभागून आणतो आणि गुडघे वाकवून उचलतो. पुढचा झटका आलाच तर काय करायचे हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घेतले आहे: सौम्य असेल तर आठ आठवडे ब्युडेसोनाइड ९ मिलिग्रॅम, तीव्र असेल तर ताबडतोब रुग्णालय, आणि प्रेडनिसोलोन द्यावे लागले तर बंद करण्याची तारीख त्याच चिठ्ठीवर.